सासूबाईंनी जोडलेली लाइन

केबल कंपनीने ते चॅनेल काढून टाकलं, तेव्हा घरात कुणाच्या गावीही नव्हतं. कळलं ते फक्त मामांना. दुपारी तीनला ते नेहमीसारखे चष्मा पुसून खुर्चीत बसले, रिमोटचं बटण दाबलं, आणि पडद्यावर निळ्या रंगात दोन ओळी उमटल्या: ही वाहिनी आता आपल्या पॅकेजमध्ये नाही, क्षमस्व. मामांनी टीव्ही बंद करून पुन्हा लावला. असं त्यांनी चार वेळा केलं. मग ते उठून आपल्या खोलीत गेले आणि रात्रीच्या जेवणाला बोलवायला लागेपर्यंत बाहेर आले नाहीत.

मामा म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ. वय शहात्तर, जन्मापासून ठार बहिरे, बिनलग्नाचे. उभा जन्म त्यांनी एका छापखान्यात पुस्तकं बांधण्यात काढला. तिथल्या यंत्रांच्या धडधडाटात बाकीच्यांचे कान किटायचे, यांना काही फरक पडत नसे, उलट सगळ्यांनाच खुणांनी बोलावं लागे म्हणून मामा तिथले सगळ्यात बोलके. तीन वर्षांपूर्वी दोघं भावंडं मायदेश सोडून इकडे लेकी-जावयाकडे राहायला आली. इकडच्या बहिऱ्या माणसांची खुणांची भाषा वेगळी आणि मामांची वेगळी, हे जावयाला तेव्हा प्रथमच कळलं. त्याला वाटायचं, हातवारे ते हातवारे, जगभर सारखेच. मामा एकदा इकडच्या बहिऱ्यांच्या मंडळात जाऊन आले आणि परदेशी पाहुण्यासारखे हसरा चेहरा करून गप्प बसून परतले. म्हणजे या सगळ्या मुलखात त्यांच्या भाषेत बोलणारं माणूस एकच, त्यांची बहीण; भाचीला चार-दोन खुणांपलीकडे येत नसे. आणि दुसरी, टीव्हीच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीतली ती बाई, जी रोज तीन वाजता तिकडच्या बातम्या हातांनी सांगायची.

जावई लिफ्ट दुरुस्तीच्या कामात होता. अडकलेली माणसं बाहेर काढायची रोजची सवय असल्यामुळे घरातल्या कुठल्याही अडचणीत आपण पुढे व्हायचं, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलेलं होतं. त्याने केबल कंपनीला फोन लावला, पंधरा मिनिटं संगीत ऐकलं आणि चिडून ठेवून दिला. सासूबाईंनी फोन आपल्याकडे घेतला.

सासूबाई तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. पलीकडची मुलगी त्यांना खेळांची चॅनेलं देऊ करत होती, कार्टूनची देऊ करत होती, सहा महिने सवलत देऊ करत होती. सासूबाईंनी तिचं सगळं बोलणं पुरतं ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. मग तिला विचारलं की खुणांच्या बातम्यांचं चॅनेल परत येण्याची शक्यता आहे का, खरं काय ते सांग. ती म्हणाली, नाही. सासूबाईंनी तिचे आभार मानले, ती किती नीट बोलते याचं कौतुक केलं आणि केबल बंद करायला सांगितली. फोन ठेवताना ती पोरगीच त्यांना सॉरी म्हणाली. जावयाने लग्नानंतरच्या बारा वर्षांत हा फोनवरचा आवाज कधी ऐकलेला नव्हता. घरातल्या सासूबाई हळू, थोड्या पुटपुटत बोलायच्या. हा आवाज स्वच्छ, मऊ आणि जागच्या जागी होता.

बातम्या त्या वाहिनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरही लागायच्या, फुकट. पण लॅपटॉपवर ती उघडली की लिहून यायचं, हे प्रक्षेपण आपल्या देशात उपलब्ध नाही. जावयाने कामावर ही रड सांगितली, तेव्हा सोबतचा मेकॅनिक म्हणाला, एवढंच ना, व्हीपीएन टाक. जावयाने त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत एक फुकटचं शोधलं. पाच तारे, लाखो लोकांनी घेतलेलं, चिन्ह म्हणून हसरा ससा. घरी येऊन त्याने ते लॅपटॉपवर चढवलं, वायर टीव्हीला जोडली आणि मामांना हाताला धरून आणलं.

चित्र आलं. मामांचा चेहरा उजळला. मग चित्र थांबलं, जाहिरात आली, पुन्हा चित्र आलं, ते अंधुक. कोपऱ्यातल्या बाईचे हात पिठाच्या गोळ्यासारखे दिसत होते. मामा पुढे वाकून वाकून पाहत राहिले आणि शेवटी त्यांनी बहिणीकडे वळून काहीतरी सांगितलं. सासूबाईंनी ते बोलून दाखवलं, “ती तोंडात घास ठेवून बोलतेय म्हणतो.”

जावई म्हणाला, होईल हळूहळू ठीक. सासूबाईंनी चष्मा लावला आणि हे सगळं कसं चालतं ते नीट सांगा म्हणाल्या. जावयाला आपल्या विद्येचा अभिमान होता. आपला संदेश सरळ न जाता एका बंद बोगद्यातून दुसऱ्या देशातल्या एका सर्व्हरकडे जातो, तिथून पुढे वेबसाइटकडे, मग वेबसाइटला वाटतं की मागणारा माणूस तिथलाच आहे, असं त्याने कागदावर बाण काढून समजावायला घेतलं. दुसऱ्याच बाणाशी त्या म्हणाल्या, “ट्रंक कॉल आहे हा, जावईबापू. थेट लाइन नसली की आम्ही मधल्या गावच्या एक्स्चेंजमधून जोडायचो. पलीकडच्याला वाटायचं, फोन त्या मधल्या गावाहूनच आलाय.”

जावयाचा बाण अर्ध्यावर राहिला.

“मग मला एवढंच सांगा,” त्या म्हणाल्या, “मधल्या गावात बोर्डावर बसलंय कोण?”

सशामागे कोण आहे याचा त्याने विचारच केला नव्हता. मग सासूबाईंनी सांगितलं ते तो पहिल्यांदाच ऐकत होता. बोर्डावर बसणाऱ्या बाईला सगळं ऐकू यायचं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा धंदा बसला, कोणत्या साहेबाची कुणाशी काय भानगड. नोकरीच्या पहिल्या दिवशी शपथ घ्यायची की कानावर पडेल ते तिथेच सोडायचं. एका बाईने एकदा बाहेर जाऊन शब्द काढला, तर दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची रिकामी होती, आणि तिच्या मैत्रिणींनीही तिची बाजू घेतली नाही. “लाइन चांगली जोडणारे पुष्कळ असतात. ऐकून विसरणारे बघावे लागतात.”

त्यांनी सशाच्या अटींची पानं उघडायला लावली. जावयाने असली पानं आयुष्यात कधी वाचली नव्हती, खाली जाऊन ‘मान्य’ दाबायचं एवढंच त्याला ठाऊक. सासूबाईंनी बोट ठेवत ठेवत चौदा पानं वाचली आणि नवव्या पानावर थांबल्या. आपण काय काय पाहतो त्याची नोंद ठेवण्याचा आणि ती ‘व्यावसायिक भागीदारांना’ देण्याचा हक्क सशाने राखून ठेवला होता. फोनवरच्या अॅपला तर सगळ्यांचे नंबरही हवे होते. ससा त्या संध्याकाळीच घराबाहेर गेला. जावई मनातून जरा दुखावला, पण वाद घालायला काही हातात नव्हतं.

मग त्याने पैसे देऊन घ्यायची तयारी दाखवली. इंटरनेटवर ‘सर्वोत्तम दहा’ अशा याद्या ढिगाने होत्या, त्यातल्या पहिल्यावर तो बोट ठेवणार इतक्यात सासूबाईंनी त्याला आणखी दोन याद्या उघडायला लावल्या. तिन्हींत पहिला नंबर तोच, आणि कौतुकाची वाक्यंही स्वल्पविरामासकट तीच. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की इथून खरेदी केल्यास आम्हाला मोबदला मिळतो. सासूबाईंनी नाक मुरडलं नाही की टोमणा मारला नाही. त्यांनी फक्त ती यादी बंद केली.

पण काही विकत घेण्याआधी एक गोष्ट राहिली होती, आणि तिच्यापायी जावयाने कपाळाला हात लावला. सासूबाई म्हणाल्या, वाहिनीला विचारल्याशिवाय मी लाइन जोडणार नाही. त्यांनी दार बंद ठेवलंय तर त्याला काही कारण असेल. जावयाने सांगून पाहिलं की जगात सगळे असंच करतात, कोण विचारत बसतं, आणि विचारलं तरी उत्तर कोण देतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पत्र लिहायला बसल्या. भाऊ कोण, काय पाहतो, का पाहतो, आम्ही काय करू इच्छितो आणि त्याला तुमची हरकत आहे का. एक पान, फापटपसारा नाही.

उत्तर यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मामा रोज तीनला खुर्चीत येऊन बसायचे, समोर काळा पडदा. बहीण शेजारी बसायची आणि वर्तमानपत्रातल्या बातम्या त्यांना हातांनी सांगायची. जावई एकदा लवकर घरी आला, तेव्हा त्याने दारातून ते पाहिलं. बहात्तर वर्षांची बाई, सांध्यांत दुखणं, बोटं सुजलेली, अर्धा तास हवेत हात नाचवत होती, आणि मध्येच कुठल्यातरी मंत्र्याची नक्कल करून भावाला हसवत होती. जावई बूट न काढता तिथेच उभा राहिला. तोवर या दोघांच्या बोलण्याकडे त्याने घरातल्या पंख्याकडे बघावं तसं पाहिलेलं होतं.

उरलेल्या वेळात त्या वाचत होत्या. सात कंपन्यांच्या अटी त्यांनी वाचून काढल्या. नोंदी ठेवत नाही असं सगळेच छातीठोक सांगतात, म्हणून ते बाहेरच्या कुणी येऊन तपासलं आहे का, हे त्या पाहायच्या. सातातल्या तीन राहिल्या. या तिघींना त्यांनी चॅटवर एकच प्रश्न केला, तिकडचा तुमचा सर्व्हर नक्की कुठल्या गावात आहे. पहिलीकडून ठरलेलं गुळगुळीत उत्तर आलं. दुसरीने मान्य केलं की सर्व्हर खरं तर तिसऱ्याच देशात ठेवलाय, फक्त पत्ता तिकडचा दाखवतो. तिसरीकडे जी कोण व्यक्ती होती तिने गावाचं नाव सांगितलं आणि न विचारताच पुढे लिहिलं की तिथे दोन यंत्रं आहेत, त्यातलं एक दर गुरुवारी देखभालीसाठी बंद असतं, तेव्हा चित्र जरा अडखळेल. सासूबाई तेवढ्या एका ओळीवर खूष झाल्या. स्वतःची खोट स्वतः सांगणारा ऑपरेटर त्यांना नोकरीतही फार भेटला नव्हता.

वाहिनीचं उत्तर आलं ते प्रक्षेपण विभागातल्या एका बाईचं. तिने लिहिलं होतं की बंधन आहे ते सामने आणि चित्रपटांपुरतं, त्यांचे हक्क दुसऱ्यांचे असतात. पण कुलूप एकच असल्याने सगळंच बंद होतं. बातम्या आमच्या स्वतःच्या, त्या तुमच्या भावाने पाहिल्या तर आमची काही हरकत नाही, आम्हाला आनंदच आहे. सासूबाईंनी ते पत्र भावाला वाचून दाखवलं, म्हणजे हातांनी. मामांनी ‘आनंद’ ही खूण स्वतः पुन्हा करून पाहिली.

मग परीक्षा सुरू झाली. तिन्ही कंपन्या महिन्याच्या आत आवडलं नाही तर पैसे परत देत होत्या, तेव्हा तिन्ही घेतल्या आणि प्रत्येकीला चार-चार दिवस दिले. जावयाने वेग मोजायचं अॅप आणलं. पहिल्या कंपनीचा वेग सगळ्यांत जास्त आला, बाकीच्या दोघी तिच्या निम्म्यानेही नव्हत्या. त्याच्या मते प्रश्न तिथेच मिटला होता. सासूबाईंनी तो आकडा बघितला, चांगला आहे म्हणाल्या, आणि भावाला खुर्चीत बसवलं. त्याला सांगितलं की बातम्या बघताना एखादा शब्द निसटला, हात पुसट झाले, की बोट वर करायचं. आज कुठली कंपनी आहे हे मात्र जावयाने त्याला सांगायचं नाही, म्हणजे त्याचं मन आधीच कलणार नाही. त्या स्वतः बाजूला वही घेऊन बसल्या.

जावई बाराही दिवस मुद्दाम दुपारची सुट्टी जुळवून घरी येऊ लागला. त्याला कुठल्या सामन्यातही एवढी उत्सुकता वाटली नसेल. वेगवान कंपनीच्या पहिल्या दिवशी मामांचं बोट अठरा वेळा वर गेलं. चित्र स्वच्छ यायचं, मग धाडकन पुढे उडी मारायचं, आणि त्या उडीत बाईचे दोन-तीन शब्द गडप व्हायचे. बोलणाऱ्याचा आवाज थोडा तुटला तर ऐकणारा अंदाजाने भरून काढतो. हाताची एक खूण गेली की मात्र अख्खं वाक्य लंगडं होतं, हे त्या अर्ध्या तासात जावयाला समजलं. दुसऱ्या कंपनीला सात-आठ बोटं पडायची. तिसरीचा आकडा जावयाच्या अॅपवर सगळ्यांत गरीब होता. तिच्या पहिल्या दिवशी मामांनी दोनदा बोट वर केलं, दुसऱ्या दिवशी एकदाच. तिसऱ्या दिवशी त्यांनी बोट वर करायचं विसरून सरळ पडद्यावरल्या बाईशी भांडायला सुरुवात केली. कुठल्यातरी पुलाच्या बांधकामावरून ते तिला हातवारे करून सुनावत होते. सासूबाईंनी वही मिटली.

चौथ्या दिवशी गुरुवार होता. बोट पाच वेळा वर गेलं, कंपनीने सांगितलं होतं तसंच. सासूबाईंना त्यानेही बरं वाटलं. आता कंपनी नक्की झाली. जावयाने वेगाचं अॅप फोनवरून काढून टाकलं, आणि ते कुणी पाहिलं नाही याची त्याने काळजी घेतली.

पण लॅपटॉप आणि वायरीचं लचांड मामांना रोज जमणार नव्हतं, आणि जुन्या टीव्हीवर अॅप चढत नव्हतं. इथे गाडं जावयाच्या हाती आलं. त्याने घरभर इंटरनेट पुरवणाऱ्या राउटरवरच सगळी व्यवस्था बसवली, म्हणजे रिमोटचं बटण दाबलं की बातम्या. त्याला फार अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको, जी इस्पितळात एक्स-रे काढायचं काम करायची, तयार होऊन लॅपटॉपवर ड्यूटी बघायला बसली, तर इस्पितळाच्या यंत्रणेने तिचं खातंच गोठवलं. बाई मायदेशी असताना इथली ड्यूटी का मागते आहे, असा यंत्रणेचा रास्त प्रश्न होता. तिला वरिष्ठांना फोन करून आपण आपल्याच स्वयंपाकघरात उभ्या आहोत हे पटवून द्यावं लागलं. जाताना तिने नवऱ्याला फक्त राउटरकडे बोट दाखवलं. तेवढं पुरे होतं.

जावई खजील होऊन राउटरसमोर बसला. सासूबाई चहाचा कप घेऊन आल्या आणि शेजारी टेकल्या. म्हणाल्या, आम्हीसुद्धा सगळं गाव ट्रंकवर टाकत नसू, ज्याला बाहेरगावी बोलायचंय त्याचीच लाइन वळवायचो. त्यांना राउटरमधलं काही कळत नव्हतं, आणि तसं त्यांनी सांगितलंही. पण त्यांच्या बोलण्याने त्याला दिशा मिळाली. फक्त टीव्हीपुरती लाइन वळवायची सोय असणार, म्हणून त्याने शोधली, आणि ती होती. दीड तास खटपट करून त्याने टीव्ही वेगळा काढला. बाकीचं घर जिथल्या तिथे परतलं. सासूबाई तो दीड तास तिथेच बसून होत्या. एकही सूचना न देता, फक्त तो एकेक पायरी मोठ्याने बोलायचा तेव्हा “पुढे,” एवढं म्हणत.

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं की तुझी आई काय बाई आहे हे आपल्याला ठाऊकच नव्हतं. ती म्हणाली, मला होतं. लहानपणी आई कामावरून यायची ती दिवसभर हजार माणसांचं ऐकून यायची, डोकं भणभणलेलं असायचं. घरात आली की ती मामासमोर बसायची, आणि मग दोन तास घरात आवाज नसायचा. “त्या दोन तासांत ती किती हसायची,” बायको म्हणाली, “आणि आम्हाला ऐकूच यायचं नाही.”

ही हकिकत जावयाने कामावर सांगितली, इमारतीत सांगितली, आणि वरच्या मजल्यावरचा न्हावी एक दिवस सल्ला विचारायला आला. त्यालाही केबल तोडायची होती, कोणतं व्हीपीएन घेऊ तेवढं नाव सांगा म्हणाला. सासूबाईंनी नाव सांगितलं नाही. कुणासाठी, काय बघायला, कुठल्या यंत्रावर, असं त्याला अर्धा तास विचारलं, आणि शेवटी असं निघालं की त्याला जे बघायचंय ते सगळं इथेच सरळ मिळतं, बोर्डावर मध्ये कुणाला बसवायची गरजच नाही. न्हावी खूष होऊन गेला. जावई शेजारी बसून ऐकत होता, आणि आपण त्याच्या गळ्यात काहीतरी मारलंच असतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता तो आठवड्यातून दोन दिवस तीनच्या आधी घरी पोहोचायचा प्रयत्न करतो. सासूबाईंकडून त्याने खुणा शिकायला घेतल्या आहेत. हात राकट, लिफ्टच्या दोरांना सरावलेले, बोटं सुटी होत नाहीत. पहिल्या आठवड्यात त्याने मामांना ‘बसा’ म्हणायच्या ऐवजी काहीतरी भलतंच सांगितलं आणि दोघं भावंडं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. काय सांगितलं ते त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

परवा बातम्या सांगायला नेहमीची बाई नव्हती, एक तरुण नवा माणूस होता. सासूबाई दवाखान्यात गेल्या होत्या, घरात हे दोघंच. मामा थोडा वेळ पाहत राहिले, मग त्यांनी जावयाच्या गुडघ्यावर थाप मारली आणि पडद्याकडे बोट दाखवून काही सांगितलं. जावयाला कळलं नाही. मामांनी पुन्हा सांगितलं, सावकाश, मुलाला घास भरवावा तसं एकेक. तिसऱ्या खेपेला ते जावयाच्या डोक्यात लखकन उजेड पडावा तसं आलं. हा पोरगा, मामा म्हणत होते, बोटातल्या बोटात पुटपुटतो.

जावयाने पडद्याकडे नीट पाहिलं. खरंच, त्या तरुणाचे हात छातीपाशीच घुटमळत होते, खुणा अर्ध्या सोडत होते. त्याने मामांकडे वळून, आठवून आठवून, आपल्या जाड बोटांनी उत्तर दिलं: नवीन आहे, शिकेल. मामांनी त्याच्या हातांकडे पाहिलं, करंगळी जरा वर हवी म्हणून ती स्वतः धरून सरळ केली, आणि समाधानाने पुन्हा बातम्यांकडे वळले.